न घडलेल्या प्रवासाचे पुस्तक

प्रवासवर्णन हा आपल्याकडे सुखरूप परतलेल्या माणसाने लिहायचा वाङ्मयप्रकार आहे. ठरल्याप्रमाणे निघालो, ठरलेले पाहिले, वाटेत थोडी फजिती झाली आणि ठरल्या दिवशी घरी आलो, एवढा त्याचा सांगाडा. या सांगाड्यावर कुणी निसर्गवर्णनाचे मांस चढवतो, कुणी इतिहासाच्या टाचणांचे, कुणी विनोदाचे. पण आतले हाड बेताचे असते. बेत पार पडला आहे ही खात्री लेखकाला पहिल्या पानापासून असते आणि ती नकळत वाचकालाही मिळते. म्हणूनच प्रवासातल्या संकटांची आपल्याला खरी धास्ती वाटत नाही. सामान हरवले तर ते सापडणार आहे, गाडी चुकली तर दुसरी मिळणार आहे आणि त्या निमित्ताने लेखकाला एक झकास परिच्छेदही मिळणार आहे, हे आपण जाणून असतो. मराठीत तर संकटाचे सगळे खाते आपण विनोदाच्या स्वाधीन करून टाकले आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने १९६० साली ही वहिवाट पक्की केली. पु. लं.ना ती शोभली. त्यांच्या मागून आलेल्या कितीतरी लेखकांच्या हाती ती नुसती सवय होऊन बसली.

पण बेतच मोडला तर? आणि तो लढाईने किंवा सरकारी हुकुमाने मोडला नसून प्रवाशाच्या स्वतःच्या गुडघ्याने मोडला असेल तर? अशा वेळी पुस्तकाचे काय होते, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. आपल्या समीक्षेत प्रवासवर्णनाच्या भाषेविषयी, त्यातल्या लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्याच्या घाटाविषयी मात्र फारसे कुणी बोललेले दिसत नाही. त्या दृष्टीने डर्व्हला मर्फी या आयरिश लेखिकेची दोन पुस्तके मला फार बोलकी वाटतात. एक 'थ्रू सैबेरिया बाय ॲक्सिडेंट' (२००५) आणि दुसरे त्याच्या पाठोपाठ आलेले 'सिल्व्हरलँड' (२००६).

मर्फीबाईंची थोडी ओळख करून द्यायला हवी. त्यांचा जन्म १९३१ सालचा, आयर्लंडमधल्या लिस्मोर या लहानशा गावातला. वडील ग्रंथपाल, आई संधिवाताने जखडलेली. दहाव्या वाढदिवसाला त्यांना दोन वस्तू भेट मिळाल्या: एक जुनी सायकल आणि एक नकाशांचे पुस्तक. या दोहोंचा गुणाकार करून त्या पोरीने ठरवून टाकले की, आपण सायकलवरून हिंदुस्थानात जायचे. चौदाव्या वर्षी आईच्या शुश्रूषेसाठी शाळा सुटली आणि पुढली सोळाएक वर्षे त्या घरातच गेली. १९६१ साली वडील वारले, १९६२ साली आई. जानेवारी १९६३ मध्ये, युरोपातल्या एका भयंकर हिवाळ्यात, ही बाई एकटी सायकलवर बसून निघाली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये दिल्लीला पोचली. त्या प्रवासाचे 'फुल टिल्ट' हे पुस्तक १९६५ साली निघाले. त्यानंतर नेपाळ, इथिओपिया, बाल्टिस्तान, अँडीज, मादागास्कर अशा कितीतरी ठिकाणी त्या हिंडल्या. आपल्या लहान मुलीला घेऊन १९७३ च्या अखेरीस त्या मुंबईला आल्या, गोव्यावरून खाली कूर्गमध्ये जाऊन राहिल्या आणि त्यावरही त्यांनी १९७६ साली पुस्तक लिहिले. २०२२ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लिस्मोरलाच त्यांचा अंत झाला.

या चरित्रातली एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. दहाव्या वर्षी केलेला बेत एकतिसाव्या वर्षी पार पडला. मधली एकवीस वर्षे हा बेत एका आजारी देहापाशी थांबून राहिला होता, आणि तो देह त्यांचा स्वतःचा नव्हता. १९७९ च्या आत्मचरित्रात, 'व्हील्स विदिन व्हील्स'मध्ये, या वर्षांचे चित्र त्यांनी कसलीही साखर न घालता रंगवले आहे. शुश्रूषा करणाऱ्याच्या मनात प्रेमाबरोबर चीड कशी वाढत जाते, हे सांगायला त्या कचरत नाहीत. हालचाल बंद पडलेल्या माणसाभोवती घर कसे आक्रसत जाते, हे ज्या बाईने इतकी वर्षे पाहिले, तिच्याच पायाला पुढे सैबेरियात बंद पडायचे होते. हा योगायोग लेखिका वाचकाच्या अंगावर फेकत नाही. पण दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचणाऱ्याला तो जाणवल्यावाचून राहत नाही.

तर २००२ साली, सत्तरी गाठलेल्या मर्फीबाईंनी बेत केला तो उसुरी नदीच्या मुलखात सायकलने फिरण्याचा. हा रशियाचा अगदी पूर्वेकडला, चीनच्या सीमेलगतचा अरण्यप्रदेश. आर्सेन्येव्हने आपल्या देर्सू उझाला या वाटाड्याला अजरामर केले तो हाच, आणि १९७५ साली कुरोसावाने त्यावर चित्रपट काढला तो इथलाच. प्रवाशांची गर्दी नाही, मोटारींची वर्दळ नाही, म्हणून तो त्यांना हवासा वाटला. तिकडे जाताना बैकाल-अमूर रेल्वेच्या गाडीत त्यांचा गुडघा दुखावला. बरे वाटेपर्यंत बैकाल सरोवराच्या काठी विसावा घ्यावा म्हणून त्या थांबल्या, तर तिथे पोटरीचा स्नायू फाटला. सायकल संपली, उसुरी संपली. जे हाती उरले ते आगगाडी, बस, बोट आणि अनोळखी माणसांची घरे. बैकालपासून याकूतियापर्यंत त्या अशाच फिरल्या आणि जो प्रवास करायचा नव्हता त्याचे पुस्तक झाले.

पुस्तकाच्या नावात श्लेष आहे, आणि गंमत अशी की तो मराठीत जसाच्या तसा उतरतो. 'अपघाताने' हा आपला शब्द दोन्ही अर्थ सांभाळतो: सहजगत्या, मनात नसताना, आणि अपघातामुळे. परंतु श्लेषाने पुस्तक होत नाही. खरी गोष्ट अशी की, अपघाताने येथे पुस्तकाची दृष्टीच बदलली आहे. 'फुल टिल्ट'मध्येही दुखापत आहे. अफगाणिस्तानात एका बसमधल्या भांडणात बंदुकीचा दस्ता लागून लेखिकेच्या तीन बरगड्या मोडतात. पण तिथे ती एक घटना आहे. थोडे दिवस खोळंबा होतो आणि चाक पुन्हा फिरू लागते. तिथला बेत दुखापतीपेक्षा बलवत्तर आहे. सैबेरियात हा हिशेब उलटतो. इथे दुखापत हीच मांडणी ठरवते: कुठे थांबायचे, किती थांबायचे, कोणाशी बोलायचे, कोणाचे उपकार घ्यायचे.

सायकलवरचा प्रवासी गावे ओलांडतो. त्याला रस्ता दिसतो, चढउतार दिसतात, माणसे भेटतात ती वळणावर. शिवाय त्याच्या अंगी एक प्रकारचा मानी एकांत असतो: मी कोणाचे काही लागत नाही, माझे ओझे माझ्या चाकांवर आहे. मर्फीबाईंच्या आधीच्या लेखनाला या मानीपणाने एक कणखर सौंदर्य दिले आहे. क्वचित एक आडमुठेपणाही. पाय जायबंदी झाल्यावर हा मान टिकत नाही. पायऱ्या चढायला हात लागतो, सामान दुसऱ्याने उचलावे लागते, डॉक्टरांकडे कोणीतरी न्यावे लागते. आणि त्यातूनच घरांचे दरवाजे उघडतात. रस्त्याने जाणाऱ्या पाहुण्याला दिवाणखाना दिसतो. आजारी पाहुण्याला स्वयंपाकघर दिसते. या पुस्तकातला उत्तम भाग स्वयंपाकघरातला आहे, असे मी म्हणेन.

आता ज्या लोकांच्या घरी त्या पोचल्या, त्यांचा विचार करा. बैकाल-अमूर रेल्वे ही काही साधी रेल्वे नव्हे. सैबेरिया ओलांडणाऱ्या जुन्या मोठ्या रेल्वेच्या उत्तरेकडून, तायशेतपासून सोव्हेत्स्काया गावानपर्यंत, सुमारे ४,३०० किलोमीटर जाणारा हा मार्ग. त्याचे पहिले काम १९३० च्या दशकात बंदिवानांच्या श्रमांवर झाले. मग १९७४ साली ब्रेझनेव्ह यांच्या कारकिर्दीत त्याचा मोठा गाजावाजा होऊन तरुण कम्युनिस्ट संघटनेची मुलेमुली देशाच्या कानाकोपऱ्यांतून तिथे धावली. गोठलेल्या जमिनीवर त्यांनी रूळ टाकले, गावे वसवली, संसार मांडले. १९८४ साली दोन्ही टोके जोडल्याचा सोहळा झाला. १९९१ साली ज्या राष्ट्रासाठी हे चालले होते ते राष्ट्रच उरले नाही. या मार्गावरचा सेव्हेरोमुइस्की हा पंधरा किलोमीटरांहून लांब बोगदा तर २००३ साली, म्हणजे मर्फीबाई तिथून गेल्यावर एका वर्षाने, वाहतुकीला खुला झाला. ज्या नव्या गावांना उज्ज्वल भवितव्याचे वचन मिळाले होते, तिथे कारखाने आले नाहीत, माणसे निघून गेली आणि जी राहिली ती आपल्या तारुण्याचा हिशेब मांडत राहिली.

मला या पुस्तकाचे मर्म इथे सापडते. बेत मोडलेली एक बाई बेत मोडलेल्या लोकांच्या घरी येऊन राहते. तिचा बेत एका उन्हाळ्याचा होता, त्यांचा साऱ्या आयुष्याचा. दोन्ही बेतांची बरोबरी लेखिका करीत नाही, आणि हा तिचा संयम मोठा आहे. आपल्या गुडघ्याच्या निमित्ताने तिने दुसऱ्यांच्या इतिहासावर हक्क सांगितला असता तर पुस्तक असह्य झाले असते. ती फक्त बसून राहते आणि ऐकते. सायकलवर असती तर हे ऐकणे घडले नसते, एवढेच आपल्याला कळते. आणि तेही आपले आपण ताडायचे असते.

इथे मला आपल्याकडचे एक पुस्तक आठवते. विष्णुभट गोडसे वरसईहून १८५७ साली काकांबरोबर निघाले ते उत्तरेकडे बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळवायला. घरचे कर्ज फेडावे, हा साधा बेत. वाटेत बंड उसळले आणि भटजीबुवा झाशीच्या वेढ्यात सापडले. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापलेल्या 'माझा प्रवास'ला आज जे मोल आहे, ते मोडलेल्या बेतामुळे आहे. गोडसे भटजी इतिहास पाहायला गेले नव्हते, म्हणूनच त्यांनी तो इतक्या निर्मळ डोळ्यांनी पाहिला. याच्या उलट अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) घ्या. मोठे देखणे, खेळकर पुस्तक. परंतु त्याच्या नावातच मुक्कामाचे ठिकाण कोरलेले आहे. लाल तारा पाहायचा म्हणून निघालेल्या प्रवाशाला तो दिसणारच. मर्फीबाई पोचल्या तेव्हा तो तारा मावळून अकरा वर्षे झाली होती, आणि त्या त्याला पाहायलाही आल्या नव्हत्या. पाहण्याचा हा तिरपेपणा गोडसे भटजींच्या जातीचा आहे.

याचा अर्थ पुस्तक निर्दोष आहे असा मुळीच नाही. मर्फीबाईंना मते फार आहेत, आणि ती मांडायची संधी त्या सोडत नाहीत. मोटारी, बाजारपेठ, बड्या कंपन्या, पाश्चात्त्यांची उधळपट्टी या विषयांवर त्या सुरू झाल्या की सैबेरिया मागे पडतो आणि आपण एका सभेत बसलो आहोत असे वाटू लागते. मतांशी माझे भांडण नाही. ती पुष्कळदा पटणारीही आहेत. भांडण त्यांच्या जागेशी आहे. दुसरा दोष अधिक गंभीर. लेखिकेला रशियन येत नाही. सायकलवर हे उणेपण झाकले जाते, कारण रस्त्यावर खाणाखुणांवर भागते. पण ऐकणे हाच ज्या पुस्तकाचा प्राण, त्यात इंग्रजी येणारी माणसेच जास्त बोलतात, आणि इंग्रजी येणारा माणूस हा गावातला सर्वसाधारण माणूस नसतो. गप्प बसलेल्या आजीबाईंच्या मनात काय होते, ते आपल्याला नातवाच्या तोंडून कळते. लेखिका ही मर्यादा लपवत नाही, हे खरे. परंतु प्रांजळपणाने मर्यादा ओलांडली जात नाही. तिसरे असे की, बेताचा कणा गेल्यावर पुस्तकाला जो दुसरा कणा हवा होता, तो मधल्या भागात सापडत नाही. एका गावातून दुसऱ्या गावात जाण्याला कारण उरत नाही आणि टाचणे टाचणांसारखी पडून राहतात.

तरीही मी या पुस्तकाला मोठे का मानतो, याचे उत्तर आजच्या वाचनाच्या हवेत शोधायला हवे. दुखापतीनंतरच्या प्रवासाची एक साचेबंद कथा सध्या सर्वत्र मागितली जाते: माणूस पडला, खचला, उठला आणि पूर्वी ठरवले होते त्याहून उंच जागी जाऊन उभा राहिला. अशी खरी आणि थोर उदाहरणे आहेत. अरुणिमा सिन्हा यांना २०११ साली चोरट्यांनी धावत्या गाडीतून खाली फेकले, त्यांचा पाय गेला आणि २१ मे २०१३ रोजी त्या एव्हरेस्टच्या माथ्यावर उभ्या होत्या. तिथे दुखापतीतूनच बेत जन्माला आला. या पराक्रमापुढे कोणीही नम्र व्हावे. पण पराक्रम वेगळा आणि त्याचा साचा करून तो इतरांच्या माथी मारणे वेगळे. गुडघा दुखावलेल्या प्रत्येक माणसाला आपण जेव्हा एव्हरेस्टची गोष्ट ऐकवतो, तेव्हा धीर देण्याच्या नावाखाली त्याच्यावर एक कर्जच लादतो. दुखणे पुरे नव्हते म्हणून की काय, आता त्याने त्यातून काहीतरी दिपवणारे करून दाखवायचे! ज्यांचा पाय पूर्वीसारखा होत नाही, ज्यांचा बेत कायमचा राहून जातो, अशी माणसे संख्येने कितीतरी अधिक आहेत. त्यांच्यासाठी वाङ्मयात जागा आहे की नाही?

मर्फीबाईंचे पुस्तक ही जागा देते. त्या दुखापतीवर मात करीत नाहीत. दुखापत दुखते, कंटाळा आणते, चिडचिड करायला लावते आणि आपल्या वेगाने बरी होते. तिच्यापासून काही शिकवण निघालीच पाहिजे असा आग्रहही त्या धरत नाहीत. त्यांच्या गद्यात एक कोरडी विनोदबुद्धी आहे, तिचा उपयोग त्या स्वतःची कीव टाळण्यासाठी करतात. आपण मघाशी म्हटले त्या मराठी वहिवाटीप्रमाणे संकटच पुसून टाकण्यासाठी नव्हे. हा फरक सूक्ष्म आहे, पण विनोदाची सगळी नीती त्यात सामावलेली आहे.

आणि मग 'सिल्व्हरलँड'. बऱ्या झाल्यावर त्या पुन्हा निघतात. साध्या वाचकाची अपेक्षा अशी की, आता राहिलेला बेत पुरा होईल. सायकल निघेल आणि उसुरीची अरण्ये सर होतील. तसे होत नाही. त्या पुन्हा सैबेरियातच जातात, तेही हिवाळ्यात, संथ आगगाड्यांनी. जिथे अपघाताने पोचल्या होत्या, तिथे आता आपण होऊन जातात. मोडलेल्या बेताचा सूड उगवण्यासाठी हा दुसरा प्रवास नाही. पहिल्या खेपेला जुळलेल्या ओळखींच्या ओढीने तो घडला आहे. कलाकृती म्हणून दुसरे पुस्तक अधिक सुघड आहे. त्यात प्रवासाला दिशा आहे, बर्फाने सगळ्या दृश्याला एक अखंडपणा दिला आहे, आणि मतांचा फापटपसाराही मला तुलनेने कमी जाणवला. पण पहिल्या पुस्तकातला तो बावरलेला ताजेपणा त्यात नाही, आणि तो नसणे स्वाभाविक आहे. घर माहीत झाल्यावर दाराशी उभे राहण्याचा क्षण पुन्हा येत नाही.

या दोन पुस्तकांची जोडी वाचल्यावर मला प्रवासवर्णनाविषयीचा एक जुना समज सोडून द्यावासा वाटतो. प्रवास म्हणजे बेत आणि वास्तव यांची झुंज आणि पुस्तक म्हणजे त्या झुंजीचा निकाल, असे आपण धरून चालतो. मर्फीबाईंनी दाखवले ते असे की, बेत हे केवळ घराबाहेर पडण्याचे निमित्त असू शकते. तो मोडला तरी प्रवासी परमुलखातच असतो, भोवती माणसे असतात, आणि त्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते. मात्र त्यासाठी प्रवाशाने दोन गोष्टी कराव्या लागतात: हुकलेल्या गोष्टीचे दुःख खरे मानायचे, आणि तरीही ते समोरच्या माणसाच्या आड येऊ द्यायचे नाही. दहाव्या वर्षी पाहिलेल्या स्वप्नासाठी एकवीस वर्षे आजारी आईच्या उशाशी थांबलेल्या बाईला हे साधावे, यात मला नवल वाटत नाही. थांबायचे कसे हे त्या प्रवासाला निघण्याच्या कितीतरी आधी शिकल्या होत्या.

आपल्याकडे दरवर्षी प्रवासवर्णनांची रास पडते. यात्राकंपनीचा कार्यक्रम जसा आखलेला असतो तशी त्यातली बहुतेक पुस्तके आखलेली असतात. सकाळी अमुक, दुपारी तमुक, रात्री भारतीय भोजन. त्यांच्यात खोटे काही नसते, फक्त काही घडत नाही. ज्या मराठी प्रवाशाचा बेत परमुलखात मोडला, ज्याला महिनाभर परक्यांच्या घरी पाय वर करून पडून राहावे लागले, त्याला बहुधा वाटत असेल की आपल्यापाशी लिहिण्यासारखे काही नाही, आपण तर काहीच पाहिले नाही. त्याने ही दोन पुस्तके वाचावीत आणि मग लिहायला बसावे. त्याच्या पुस्तकाची मी वाट पाहीन.